पाच रुपयांचा पुडा आणि अडलेलं पोट

रविवारी विहारातली वंदना आटोपली की दोन-तीन आया हमखास माझ्याजवळ येऊन बसतात. "ताई, बाळाला चार-चार दिवस शी होत नाही. झाली तर खडे पडतात. काहीतरी औषध सांगा ना." मी आधी विचारते, काल सकाळपासून बाळानं काय काय खाल्लं? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. उठल्याबरोबर बाटलीभर दूध, मग चहात बुडवून बिस्किटं, दुपारी चार घास भात, रडला म्हणून पाच रुपयांचा पुडा, झोपताना पुन्हा बाटली. पालेभाजी नाही, फळ नाही, पाणीही जेमतेम. मैदा, साखर आणि पामतेल यांतून चोथा येणार कुठून?

यात आईला दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. सकाळी सातला धुण्याभांड्याला बाहेर पडणारी बाई मूल आजीकडे किंवा थोरल्या मुलीकडे सोपवते. पुडा फोडला की रडणं थांबतं. पण आणखी एक कारण आहे, ते स्पष्टच लिहिते. आपल्याला भाकरीची लाज वाटते. आपल्या आज्या-पणज्यांनी दारोदार फिरून शिळे तुकडे आणले, ती आठवण घराघरात आहे. म्हणून लेकराच्या हातात चकचकीत पुडा दिसला की आपण सुधारलो असं वाटतं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी उष्टं-शिळं खाणं सोडायला सांगितलं. आपण मात्र स्वतःच्या कमाईची ताजी ज्वारीची भाकरीही सोडून बसलो, आणि तिच्या जागी आणलं काय, तर बिस्किट!

माझ्या वस्तीतला अडीच वर्षांचा एक मुलगा सांगते. दाराच्या कोपऱ्यात जाऊन पाय आवळून, चवड्यांवर उभा राहायचा, तोंड लालबुंद. घरच्यांना वाटे, जोर करतोय. तो शी रोखून धरत होता. एकदा कडक शी होऊन चीर पडली होती, त्या दुखण्याची त्याला धास्ती बसली. रोखलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं, मळ आणखी घट्ट होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं. पुढे त्याच्या चड्डीला पातळ लागायला लागलं. आईला वाटलं जुलाब, म्हणून तिनं मेडिकलमधून जुलाब थांबवायचं औषध आणून पाजलं. खरं तर साचलेल्या गोळ्याच्या कडेनं पातळ मळ झिरपत होता. वॉर्डात नर्स असताना अशी मुलं मी पुष्कळ पाहिली.

खायला काय द्यायचं? सगळं आपल्याच घरात आहे. ताज्या भाकरीचा पापुद्रा वरणात किंवा मुगाच्या आमटीत कुस्करा, वर चमचाभर तेल किंवा तूप. मऊ शिजवून घोटलेली मटकी. मेथी, तांदुळजा, चवळीची पानं बारीक चिरून पिठात मळून धपाटं करा. हिरवं पान बाजूला काढणारं मूलही ते खातं. उकडलेलं रताळं, पिकलेली पपई, बिया काढलेला पेरू. आठ-दहा काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट कुस्करून. अख्ख्या मनुका आणि शेंगदाणे या वयात घशात अडकतात, ते नकोत. चोथा वाढवला आणि पाणी वाढवलं नाही तर त्रास वाढतो, म्हणून खेळता खेळता घोट-घोट पाणी पाजत राहा. वर्षावरच्या मुलाला दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरे. त्याहून जास्त दिलं तर भूक मरते आणि अंगातलं लोहही घटतं. बाटली बंद करून दूध पेल्यानं द्या. चहा तर नकोच.

साबणाची कांडी घालणं, एरंडेल पाजणं हे प्रकार कृपा करून थांबवा. कांडीनं आतली नाजूक त्वचा जळते आणि मुलाची भीती दुप्पट होते. जबरदस्तीनं पाजलेलं तेल श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं.

जेवल्यावर आतड्याची हालचाल वाढते. तेव्हा पाच मिनिटं बसवा, पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ओरडू नका, झाली नाही तरी उठू द्या. सार्वजनिक संडासातलं भांडं मोठ्यांच्या मापाचं, आत अंधार, दारावर थापा. तिथं लेकरू आखडणारच. तोवर घरात छोटं भांडं ठेवा. वस्तीच्या संडासात लहान मुलांसाठी वेगळी बैठक हवी, ही मागणी वॉर्ड ऑफिसात आपण बायांनीच लावून धरायची आहे.

त्या मुलाला मात्र नुसत्या पपईनं उतार पडला नसता. गोळा साचला असेल तर डॉक्टरांकडून मळ मऊ करणारं औषध घ्यावंच लागतं, आणि पहिल्या चार दिवसांत बरं वाटलं म्हणून ते मनानं बंद करायचं नसतं. त्याला काही महिने द्यावं लागलं. पोट फुगलं, उलट्या होतात, शीत रक्त दिसतं, ताप आहे, वजन वाढत नाही किंवा जन्मापासूनच हा त्रास आहे, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्याची आजी आता पुड्याचे पैसे साठवून बाजारच्या दिवशी पेरू आणते. परवा मला म्हणाली, "पोरगं भाकरी मागतंय गं बाई, मलाच करायचा कंटाळा येतो."