लिलावातला भाव आणि घामाचे मोल

प्रो-कबड्डीच्या लिलावाचे आकडे वर्तमानपत्रांत झळकले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतल्या क्रीडामंडळांत आणि महाविद्यालयांच्या मैदानांवर नवा उत्साह संचारतो. २०१४ साली झालेल्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली होती, ती १२ लाख ८० हजार रुपयांची. २०२३ साली पवन सेहरावत या चढाईपटूला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. नऊ वर्षांत वीसपट भाव! ज्या मुलाचे वडील कंत्राटी कामगार आहेत आणि आई घरबसल्या जीन्स शिवून संसाराला हातभार लावते, त्याला हा आकडा ऐकून आपल्या मांड्यांत आणि मनगटांत कुबेराचे भांडार दडले आहे असे वाटू लागले तर त्याला दोष कोण देईल? दोष द्यायचाच असेल तर तो, ही एकच बाजू दाखवून दुसरी झाकून ठेवणाऱ्या व्यवस्थेला दिला पाहिजे.

दुसरी बाजू साध्या अंकगणिताची आहे. या स्पर्धेत २०१७ पासून १२ संघ खेळतात. एका संघात फार तर २५ खेळाडू. म्हणजे परदेशी खेळाडू धरूनही साऱ्या देशासाठी जागा जास्तीत जास्त ३००. २०११च्या जनगणनेनुसार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचीच लोकसंख्या ९ लाख ३३ हजारांच्या घरात होती आणि त्यानंतर ती पुष्कळ वाढली आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून, हरियाणाच्या खेड्यांतून आणि सैन्यदलांच्या संघांतून येणारे हजारो तरुण या तीनशे जागांच्या दाराशी उभे आहेत. ज्याला जागा मिळते त्याचा भाव कोटीचा असतो असेही नाही. २०२३च्या लिलावात खेळाडूंचे चार वर्ग होते आणि सर्वांत खालच्या वर्गाची पायाभूत किंमत ९ लाख होती. ही रक्कम पहिल्या दृष्टिक्षेपात मोठी दिसते. परंतु ती एका हंगामाची आहे आणि पुढच्या हंगामात बोली लागेलच याची हमी कोणी देत नाही. खेळाडूची कारकीर्द वयाच्या तिशीपलीकडे फारशी जात नाही. उरलेली तीस वर्षे त्याने काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर लिलावाच्या हातोडीपाशी नाही.

त्यातही बचावपटूची स्थिती अधिक बिकट. कबड्डीत चढाई करणाऱ्याला ३० सेकंदांत एकापेक्षा अधिक गुण मिळवता येतात. कोपरारक्षकाला वा मध्यरक्षकाला यशस्वी पकडीचा गुण एकच. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड केली तरच दोन. प्रदीप नरवालने चढाईतील १,५०० गुणांचा टप्पा २०२२ साली ओलांडला. कोणत्याही बचावपटूच्या पकडींचे गुण त्याच्या निम्म्यावरही गेलेले नाहीत. दूरचित्रवाणीचा कॅमेरा उडी मारून निसटणाऱ्यावर खिळतो. त्याचा घोटा धरून साऱ्या शरीराचे वजन आपल्या गुडघ्यावर झेलणारा क्षणभर दिसतो आणि गर्दीत मिसळून जातो. गुडघ्याचे लिगामेंट फाटणे, खांदा निखळणे, बोटे मोडणे ही या जागेची नित्याची किंमत आहे. इराणच्या फझल अत्राचालीला २०१८ साली एक कोटी आणि मोहम्मदरेझा शादलुईला २०२३ साली २ कोटी ३५ लाख मिळाले हे खरे. पण दोन पर्वतशिखरे दाखवून दरीची खोली नाकारता येत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की समाजवाद्यांना कोणाचे भले झालेले पाहवत नाही. मातीतल्या खेळाला या स्पर्धेने प्रतिष्ठा दिली, गरीब घरांतल्या मुलांना पैसा आणि नाव दिले, ते काय वाईट झाले? मुळीच वाईट झाले नाही. ज्या खेळाकडे शहरी सुशिक्षित वर्ग नाक मुरडून पाहत असे तो खेळ त्याच्या दिवाणखान्यात पोहोचला. ठाणे जिल्ह्यातला गिरीश इरनाक डाव्या कोपऱ्यावर उभा राहून २०१८च्या आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला, याचा अभिमान कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या प्रत्येक मंडळाला वाटला आणि तो योग्यच होता. प्रश्न वेगळाच आहे. खेळाडूच्या घामातून जी संपत्ती निर्माण होते तिचा वाटा कोणाच्या पदरात किती पडतो, हा तो प्रश्न आहे. तो विचारला की सगळे गप्प होतात.

आकडे पाहावेत. २०२१ साली या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे पाच वर्षांचे हक्क सुमारे ९०८ कोटी रुपयांना गेले, म्हणजे वर्षाला सुमारे १८१ कोटी. हे हक्क घेतले स्टार इंडियाने आणि स्पर्धा चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीत ७४ टक्के मालकी होती तीही स्टार इंडियाचीच! विकणारा आणि विकत घेणारा एकाच घरातला. आता खेळाडूंचे पाहू. २०२३च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चायची कमाल मर्यादा होती ५ कोटींची. बारा संघांचे मिळून ६० कोटी. प्रक्षेपणहक्कांच्या एका वर्षाच्या रकमेचा हा जेमतेम तिसरा हिस्सा झाला; पुरस्कर्त्यांचे आणि तिकिटांचे उत्पन्न यात धरलेलेच नाही. ज्याच्यावाचून खेळ उभाच राहत नाही त्याच्या एकूण मोबदल्यावर मर्यादा असावी आणि ती ठरवताना त्याला कोणी विचारूही नये, याला गिरणीमालकांच्या काळात जे नाव होते तेच आजही आहे.

आणि स्पर्धाच भरली नाही तर? ऑक्टोबर २०१९ मध्ये सातवा हंगाम संपला. साथीमुळे आठवा हंगाम सुरू झाला तो डिसेंबर २०२१ मध्ये. मधली दोन वर्षांहून अधिक काळाची पोकळी कोणी भरून काढली? ज्यांच्या नावे रेल्वेत, पोलिसांत, बँकेत वा तेलकंपनीत कायम नोकरी होती त्यांच्या घरी पगार येत राहिला. ज्यांचा आधार केवळ लिलाव होता, त्यांचा आधारच नाहीसा झाला.

इथेच या प्रश्नाचे मूळ सापडते. महाराष्ट्रात कबड्डीची नियमबद्ध बांधणी शंकरराव उर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचून केली. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, हा कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. ही बांधणी ज्या जमिनीवर उभी राहिली ती कामगारवस्तीची होती. मुंबईच्या गिरण्या, गोदी, रेल्वे, बेस्ट, राष्ट्रीयीकृत बँका यांचे संघ असत आणि चांगला खेळाडू म्हणजे कायम नोकरी, असे समीकरण होते. त्या व्यवस्थेतही वशिला होता, साहेबांची मर्जी होती, गुणी खेळाडूला शिपायाच्या जागेवर बसवून ठेवण्याची वृत्ती होती आणि मुलींसाठी दार किलकिलेच होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्या खेळाडूला भविष्यनिर्वाह निधी होता, ग्रॅच्युइटी होती, गुडघा गेला तरी हजेरीपटावर नाव राहत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक गेल्या. २०१९ साली देना बँक बडोदा बँकेत विलीन झाली आणि २०२२ साली एअर इंडिया खाजगी मालकीत गेली. संस्था जाते तेव्हा तिच्या संघातल्या नोकरीच्या जागाही जातात. ही बातमी मात्र क्रीडापानावर कधी येत नाही.

या तीन शहरांनी हा ऱ्हास अगदी जवळून पाहिला आहे. अंबरनाथला विमकोची काडेपेटी बनत असे. आंबिवली-मोहन्याच्या एनआरसीला २००९ साली टाळे लागले. अंबरनाथचा आयुध निर्माण कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना हे दोन्ही १ ऑक्टोबर २०२१ पासून केंद्र सरकारचे खाते राहिले नाहीत. त्यांचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांत रूपांतर झाले. बदलापूर आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत आणि उल्हासनगरच्या शिवणकामाच्या गाळ्यांत काम आहे, पण ते बहुतांशी कंत्राटी किंवा नगावर. अशा कारखान्याला संघ कशाला हवा? ज्याला स्वतःच्या कामगाराचे नाव हजेरीपटावर नको आहे, तो खेळाडूचे नाव तिथे का लिहील?

चांदीबाई महाविद्यालयात वा तलरेजा महाविद्यालयात शिकून मुंबई विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचण्याचे स्वप्न पाहणाऱ्या बचावपटूपुढे मग तीन वाटा उरतात. पहिली लिलावाची, तिचे गणित वर मांडले आहे. दुसरी सरकारी नोकरीची. महाराष्ट्र शासनाने २००५ साली खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले, हे चांगले केले. पण जागाच भरल्या नाहीत तर पाच टक्के कशाचे काढायचे? शासकीय पदे बाह्य यंत्रणेमार्फत भरण्याचा निर्णय सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला आणि जनक्षोभामुळे ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, वृत्ती गेलेली नाही. तिसरी वाट गल्लोगल्लीच्या ‘भव्य’ स्पर्धांची. बांधकाम व्यावसायिक आणि नगरसेवकपदाचे इच्छुक त्या भरवतात. फलकावर पुढाऱ्याचे छायाचित्र हातभर मोठे आणि खेळाडूचे बोटभर. बक्षीस म्हणून मोटारसायकल मिळते. बदल्यात निवडणुकीच्या काळात ती मोटारसायकल आणि तिच्यावरचा तरुण, दोन्ही पुढाऱ्याच्या मिरवणुकीत लागतात. बचावपटूचे बळकट खांदे अखेर दुसऱ्याच्या संरक्षणासाठीच वापरले जातात, फक्त मैदान बदलते.

मुलींच्या वाट्याला तर लिलावही नाही. भारताच्या महिला संघाने २०१० आणि २०१४च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि २०२३ साली हांगचौ येथे ते पुन्हा आणले. महिलांसाठी २०१६ साली अवघ्या तीन संघांची एक स्पर्धा प्रो-कबड्डीच्या जोडीने झाली आणि तिथेच थांबली. ज्यात तत्काळ नफा दिसत नाही ते सोडून द्यायचे, हा बाजाराचा नियम येथे उघडावाघडा दिसतो.

याला पर्याय नाही असे म्हणणाऱ्यांनी भांडवलशाहीच्या माहेरघराकडे, अमेरिकेकडे पाहावे. तिथल्या फुटबॉलमध्ये लाइनबॅकर नावाची जागा असते. प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेऊन जमिनीवर पाडणारा हा खेळाडू आपल्या मध्यरक्षकाचा सख्खा भाऊ शोभावा. तिथेही महाविद्यालयांनी या तरुणांच्या खेळावर अमाप पैसा मिळवला आणि ‘हौशी’ या गोंडस शब्दाखाली त्यांना मोबदल्यापासून दूर ठेवले. आपल्या नावावर आणि छायाचित्रावर कमाई करण्याची मुभा त्यांना मिळाली ती जुलै २०२१ मध्ये, न्यायालयांत वर्षानुवर्षे झगडल्यावर. व्यावसायिक खेळाडूंनी मात्र १९५६ सालीच संघटना बांधली. १९८२ साली, मुंबईचा गिरणी कामगार संपावर होता त्याच वर्षी, त्यांनी ५७ दिवस संप केला. २०२०च्या सामूहिक करारानुसार उत्पन्नाचा सुमारे ४८ टक्के वाटा खेळाडूंचा ठरला. तीन हंगाम भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो. ही मालकांची कृपा नव्हे. ती संघटनेची कमाई आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. लिलावात बोली लागलेल्या प्रत्येक खेळाडूला, तो पहिल्या सातांत असो वा राखीव, लेखी करार मराठीतून वा त्याच्या भाषेतून समजावून मिळाला पाहिजे. खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचार पूर्ण बरे होईपर्यंत संघमालकाने केला पाहिजे, हंगाम संपला म्हणून हात झटकता कामा नये. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा खेळाडूंच्या निर्वाहनिधीत आणि ज्या मंडळांनी त्यांना घडवले त्यांच्या मैदानांसाठी गेला पाहिजे. रिक्त शासकीय पदे भरून पाच टक्क्यांचे आरक्षण कागदावरून जमिनीवर आले पाहिजे. उल्हासनगर महानगरपालिका आणि अंबरनाथ व बदलापूरच्या नगरपालिका यांनी मुलांना आणि मुलींना मॅटवर सराव करता येईल अशी सार्वजनिक मैदाने राखली पाहिजेत, ती इमारतींच्या घशात जाता कामा नयेत.

परंतु मागण्या ठराव करून मिळत नाहीत. कामगार चळवळीने आजवर खेळाडूला कामगार मानले नाही. खेळ म्हणजे करमणूक, फार तर तरुणांना जमवण्याचे साधन, अशा समजुतीत कार्यकर्ते राहिले आणि मंडळांची ओसरी पुढाऱ्यांनी आणि धनिकांनी बळकावली. ती परत मिळवायची तर कार्यकर्त्यांनी मैदानावर गेले पाहिजे आणि तेही भाषण करण्यासाठी नव्हे. दुखापत झालेल्या मुलाला रुग्णालयात नेण्यासाठी, त्याचा करार वाचून देण्यासाठी, नोकरीच्या अर्जासाठी प्रमाणपत्राची पडताळणी वेळेत करून घेण्यासाठी गेले पाहिजे. गिरणगावातल्या संघटना अशाच बारीकसारीक कामांतून उभ्या राहिल्या होत्या.

कबड्डीतला कोपरारक्षक सहसा एकट्याच्या बळावर पकड करीत नाही. तो पाय धरतो तेव्हा मध्यरक्षक धावून आला नाही तर चढाईपटू निसटू शकतो. साखळी टिकली तर बलाढ्य चढाईपटूही रेषेअलीकडेच थांबतो. हे तत्त्व उल्हासनगरच्या, अंबरनाथच्या आणि बदलापूरच्या मुलांना कोणी शिकवण्याची गरज नाही, ते त्यांच्या अंगात भिनलेले आहे. मैदानाबाहेर मालकाशी वाटाघाटी करताना मात्र त्यांना एकेकटे उभे केले जाते. तिथेही साखळी धरता येते हा विश्वास त्यांना देणे, हेच आजचे काम आहे.