दुखणे मानेचे, मूळ वेळापत्रकात

मान आखडणे, डोळे चुरचुरणे आणि रात्री दोनपर्यंत झोप न लागणे. तिशीतला रुग्ण या तिन्ही तक्रारी एकदम घेऊन आला, की वेदनाशामक गोळी, डोळ्यांचे थेंब आणि ‘मोबाइल कमी बघा’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. तो काम कधी करतो, हे सहसा विचारले जात नाही.

प्रॉडक्ट डिझायनरचे उदाहरण घ्या. बँकेच्या किंवा औषधांच्या ॲपमध्ये कोणते बटण कुठे असावे, पैसे अडकले तर ग्राहकाला काय दिसावे, हे ठरवण्याचे हे काम. ते नाशिकमध्ये घरी बसून सॅन फ्रान्सिस्कोतल्या कंपनीसाठीही करता येते. मात्र तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. नोव्हेंबरात तिथली घड्याळे मागे गेली की साडेदहा. आराखड्यावरची चर्चा आणि ‘एवढे आजच बदला’ हे सगळे त्यानंतर. इकडे भारतातले प्रोग्रामर सकाळी अकरापासूनच शंका विचारू लागतात. डिझायनर बाई असेल तर सिलिंडर उतरवून घेणे, मुलाला शाळेतून आणणे हेही तिच्याच वाट्याला येते, कारण ‘ती घरीच तर असते’. म्हणजे दुपारची झोपही गेली.

डोळ्यांचे आणि मानेचे त्या मानाने सोपे आहे. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणाऱ्या पापण्या स्क्रीनकडे एकटक पाहताना खूपच कमी वेळा मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप मान झुकवतोच. वेगळा कीबोर्ड घ्यावा, लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवावीत आणि दर अर्ध्या तासाने उठावे.

वेळेला असा उपाय नाही. रात्रीच्या प्रखर उजेडात झोप आणणारे मेलाटोनिन दबते. मीटिंगनंतर अकराला जेवले, की रक्तातील साखर अधिक चढते. आई-वडिलांना मधुमेह असेल त्याने हे हसण्यावारी नेऊ नये. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के अधिक असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये मांडला. पण असे तुकड्यातुकड्यांनी केलेल्या कामाचे तास मोजतो कोण? कंपन्या आरोग्यावर वेबिनार घेतात, तेही स्क्रीनवरच. त्यापेक्षा रात्रीच्या बैठका आठवड्यातून दोनवर आणाव्यात, बाकीच्या सूचना लेखी पाठवाव्यात आणि रात्री जागलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी हाक मारू नये. यात कंपनीचा फारसा खर्च नाही.

हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली झाली असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. नुसती मान दुखत असेल, तर एमआरआयचा हट्ट धरण्याआधी आठवडाभराच्या कामाच्या, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा वहीत लिहून ती वही सोबत न्यावी.