ड्रायर फिरत नाही? आधी झाकण पाहा



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालेल. पांढरी साडी, पांढरा सदरा लागणार आणि बाहेर तर पाऊस थांबत नाही. एकाच खोलीत दोऱ्या बांधून तीन-तीन दिवस ओले कपडे वाळत घालणे काय असते, हे आपल्या घरांना सांगायला नको. अशा दिवसांत सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर ही चैनीची वस्तू राहत नाही. आणि नेमका याच दिवसांत तो बंद पडतो.

एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "ड्रायर सुरू केला की नुसता घूं घूं आवाज येतो, टब फिरत नाही. मेकॅनिक म्हणतो मोटर जळाली, नवी घालावी लागेल. खरे-खोटे कसे ओळखावे?" प्रश्न अनेक घरांचा आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी देतो.

प्रथम ड्रायर काय करतो ते समजून घेऊ. आपल्याकडील दोन टबांच्या मशीनमधला ड्रायर कपडे तापवत नाही. तो आतला जाळीदार टब मिनिटाला साधारण तेराशे फेऱ्यांच्या वेगाने फिरवतो आणि कपड्यांतले पाणी भोकांतून बाहेर फेकतो. म्हणजे तो पिळण्याचे काम करतो, वाळवण्याचे नाही. कपडे नंतर दोरीवर टाकावेच लागतात. "ड्रायर चालतो, पण कपडे ओलसर राहतात" अशी तक्रार असेल तर तो बिघाड नसूही शकतो.

ड्रायरची मोटर त्याच्या टबाखाली असते आणि ती धुण्याच्या मोटरीपासून वेगळी असते. वीज टायमरमधून झाकणाखालच्या छोट्या स्विचकडे जाते आणि तिथून मोटरीला मिळते. झाकण लावले की स्विच दाबला जातो. त्याच झाकणाला एक तार जोडलेली असते. झाकण लावले की ती ताणली जाऊन ब्रेक सुटतो, झाकण उघडले की ब्रेक लागतो. एवढे ध्यानात ठेवले तर निम्मे बिघाड घरच्या घरी ओळखता येतात.

आवाजच येत नसेल तर

धुण्याची बाजू चालते का ते पाहा. ती चालत असेल तर घरची वीज आणि पिन ठीक आहे. मग झाकण नीट बसते का ते पाहा. बिजागरी ढिली झाली किंवा झाकण वाकडे बसले तर स्विच दाबला जात नाही आणि मोटरीला वीज मिळत नाही. झाकण नीट बसत असेल तर दोष स्विच, टायमर किंवा त्यांच्यातल्या वायरीत असतो. मशीन भिंतीला लागून असेल आणि घरात उंदीर असतील तर वायर कुरतडलेली सापडण्याची शक्यता बरीच. मशीनची खालची बाजू जाळीने बंद करून घ्यावी, पण हवा खेळू द्यावी.

नुसता घूं आवाज येत असेल तर

पत्र लिहिणाऱ्या भगिनींचा बिघाड हाच. आवाज येतो म्हणजे वीज मोटरीपर्यंत पोहोचते आहे. मोटर जळाली असे म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासायला सांगाव्यात.

पहिली, अडकलेला कपडा. ड्रायरमध्ये कपड्यांवर दाबून बसवायची प्लॅस्टिकची गोल चकती मिळते. ती हरवली की रुमाल, मोजा, बाळाचे टोपरे उडून आतल्या आणि बाहेरच्या टबाच्या मधे जाते आणि टब जाम होतो. पिन काढून, टॉर्च लावून फटीत पाहावे.

दुसरी, ब्रेकची तार. ती तुटली किंवा ढिली झाली तर झाकण लावूनही ब्रेक सुटत नाही. मोटर जोर लावते, टब फिरत नाही किंवा रेंगाळतो, आणि रबर घासल्याचा वास येतो. तार ताणून बसवली की काम होते.

तिसरी, कपॅसिटर. मोटरीला पहिला धक्का देणारा हा छोटा डबा पावसाळी दमटपणात आणि जुनेपणाने कमजोर होतो. मोटरीच्या मानाने तो फार स्वस्त असतो. जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा पाहून त्याच आकड्याचा घ्यावा. मात्र पिन काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते, म्हणून त्याला माहीतगारानेच हात लावावा. काही जण मशीन चालू ठेवून टबाला हाताने गती देऊन पाहतात. हा प्रकार कदापि करू नये.

या तिन्ही गोष्टी ठीक निघाल्या, जळकट वास येतो आहे, फ्यूज उडतो आहे, तर मोटरीचे वायंडिंग गेले असे समजावे. मेकॅनिकला सरळ म्हणावे, "दादा, आधी तार आणि कपॅसिटर बघा." प्रामाणिक कारागीर याचा राग मानत नाही.

मशीन नाचत असेल, पाणी गळत असेल तर

कपडे एका बाजूला गोळा झाले की मशीन थडथडते. ते सारखे पसरावेत. मोरीच्या उतारावर मशीन डगमगत असेल तर चारही पाय टेकतील असे ठेवावे. तरीही थांबत नसेल तर मोटरीखालच्या स्प्रिंगा पाहून घ्याव्यात. पाणी सोडण्याचा पाइप खाली टाकलेला नसेल तर पाणी ड्रायरच्या टबात साचते आणि टब वेग घेत नाही. टबाखालून पाणी गळत असेल तर मधल्या दांड्याभोवतीचे रबरी सील फाटलेले असते. ते पाणी मोटरीवर पडते. अशा वेळी मशीन लगेच बंद करावे, कारण त्यातून शॉक बसू शकतो. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन कापून टाकू नये. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवता आला तर अवश्य बसवावा.

आता जे सांगायचे आहे ते जरा जड आहे.

मी कारखान्यात वायरमन होतो. सुट्टीच्या दिवशी वस्तीतली किरकोळ कामे करून देत असे. एका रविवारी शेजारच्या बाईंनी बोलावले. ड्रायरच्या झाकणाची बिजागरी तुटली होती, त्यामुळे स्विच दाबला जात नव्हता. दुकाने बंद होती. घरात दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचे कपडे पडले होते. त्या म्हणाल्या, "दादा, काहीतरी करून चालू करून द्या." मी स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळल्या आणि ब्रेकची तार ताणून बांधून टाकली. दहा मिनिटांत ड्रायर फिरू लागला. पैसे घेतले नाहीत. आपण मदत केली, असेच मला वाटत होते.

दोन दिवसांनी त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने आपला फ्रॉक काढायला त्या उघड्या टबात हात घातला. टब फिरत होता. थांबवणारा स्विच मी काढला होता, ब्रेक मी बांधला होता. मुलीचा हात दोन ठिकाणी मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर होते. हात बरा झाला, पण मनगट पूर्वीसारखे वळत नाही. तिच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तेच मला जास्त लागले.

बाबासाहेबांनी १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली. माणसाला पशूसारख्या कष्टांतून सोडवायचे, त्याला फुरसत आणि संस्कृती मिळवून द्यायची, तर यंत्र हवेच, असे त्यांनी मांडले. यंत्रामुळे जे वाईट घडते त्याचा दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, हेही सांगितले. ते मोठ्या प्रश्नाबद्दल बोलत होते. पण त्या लहान मुलीच्या हाताकडे पाहताना मला ते आठवले. यंत्राने तिच्या हाताची काळजी घेतली होती. ती काळजी मी माझ्या हाताने कापून टाकली.

म्हणून आज प्रत्येक घराने एक तपासणी करावी. रिकामा ड्रायर झाकण लावून सुरू करा. वेग घेतला की झाकण उघडा, हात लांब ठेवा. टब दहा-पंधरा सेकंदांत थांबला पाहिजे. थांबला नाही, किंवा झाकण उघडे असताना ड्रायर सुरू होत असेल, तर कोणीतरी माझ्यासारखीच "मदत" करून गेलेले आहे. ते मशीन आजच बंद ठेवा. स्विच आणि तार बसवून घेतल्याशिवाय चालवू नका. चार दिवस कपडे हाताने पिळले तरी चालतील.

आणि मेकॅनिक म्हणाला, "ताई, स्विच कशाला, डायरेक्ट करून देतो," तर त्याला नम्रपणे पण ठामपणे सांगा, "नको. आमच्या घरात लेकरे आहेत."

पुढील अंकात मिक्सरच्या कपलिंगविषयी. पत्रे पाठवावीत.

जयभीम.