जहाजावर काय नेसू?

"वहिनी, जरा थांबता का? एक विचारायचंय."

बचत गटाची बैठक नुकतीच संपली होती. हप्त्यांची वही मिटून मी पिशवीत टाकत होते, तेवढ्यात अक्कांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. अक्का म्हणजे आमच्या निमगाव केतकीतल्या, आमच्याच आळीतल्या. नाव लिहीत नाही. पण त्यांना विचारूनच हे लिहितेय. वय साठीच्या आसपास. मालक जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर पानमळा अक्कांनी एकटीनं सांभाळला, मुलाला नि मुलीला शिकवलं, दोघांची लग्नं केली. मुलगा-सून इथंच असतात. लेक-जावई अमेरिकेत, सिॲटलजवळ.

मोबाईलवर लेकीचा निरोप होता. "आई, तू आल्यावर आपण अलास्काला जहाजानं जायचं. सात दिवस. त्यात दोन संध्याकाळी फॉर्मल कपडे घालून जेवायला जायचं असतं. साड्या आणू नकोस, तुलाच त्रास होईल. मी इथं गाऊन घेऊन ठेवते."

अक्का म्हणाल्या, "मला बाई काय कळंना. जेवायला जायचं तर हात-पाय धुऊन जावं. हे फॉर्मल म्हणजे काय? आन् मी नेसू काय?"

झालं! निघालेल्या बायका परत सतरंजीवर बसल्या. कुणी म्हणालं, "गाऊन घालून फोटो पाठवा हं अक्का!" कुणी म्हणालं, "सरळ पैठणी नेसा, इकडच्या बाया काय कमी आहेत का?" हसणं-खिदळणं चाललं होतं. तेवढ्यात एक वयस्कर बाई हळूच म्हणाल्या, "आता नटायचं तरी कुणासाठी?"

सगळ्या एकदम गप्प झाल्या. अक्कांनी मोबाईल पदराखाली घेतला नि म्हणाल्या, "तेच की."

त्या रात्री मला झोप लागली नाही. अक्कांच्या एका प्रश्नात दोन प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर मी दोन दिवसांत शोधलं. दुसऱ्याचं अजून शोधतेय.

आधी पहिला प्रश्न. संध्याकाळच्या या थाटामाटाचं मूळ जुन्या बोटींत आहे. शंभर वर्षांपूर्वी समुद्र ओलांडणाऱ्या मोठ्या बोटींवर पहिल्या वर्गाचे प्रवासी रात्रीच्या जेवणाला कपडे बदलूनच येत. पुरुष काळ्या कोटात, बायका पायघोळ गाऊन आणि दागिन्यांत. खालच्या वर्गातल्या माणसांना त्या दालनात प्रवेशच नसे. 'टायटॅनिक' सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यात जॅकला पहिल्या वर्गाच्या जेवणाला जायला उसना कोट घालावा लागतो. तो कोट अंगात आल्यावर तेच लोक त्याच्याशी अदबीनं बोलायला लागतात. थोडक्यात काय, हे कपडे म्हणजे कोण कुठल्या वर्गातलं हे ओळखायची खूण होती.

आता हे खूपच सैल झालंय. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीनं 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली, म्हणजे केव्हाही जेवा आणि थाटाची सक्ती नाही. पुढं इतरही बऱ्याच कंपन्यांनी नियम ढिले केले. क्युनार्डसारख्या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर मात्र गाला संध्याकाळी अजून असतात. सात दिवसांच्या सफरीत साधारण एक-दोन संध्याकाळी लोक ठेवणीतले कपडे घालतात. त्या दिवशी छान तयार होऊन फोटो काढून घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ उरलाय. ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी वेगळी बुफेची जागा असते. तिथं साधे कपडे चालतात, कुणी हटकत नाही. २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडं कॉर्डेलियाच्या सफरी सुरू झाल्या. तशा दोन-तीन रात्रींच्या सहलीला तर काळ्या कोटाची धास्ती घ्यायचं काहीच कारण नाही. जेवणाच्या दालनात अर्ध्या चड्डीवर किंवा न्हाणीघरातल्या स्लिपरवर जाऊ नये, एवढं पाळलं की पुरे.

मग साडीचं काय? मैत्रिणींनो, साडी हा आपला पूर्ण औपचारिक पोशाख आहे. आपल्या महिला राष्ट्रपती आणि पंतप्रधान जगभरच्या शाही मेजवान्यांना साडीतच गेल्या. मग तुमच्या-माझ्या साडीला जहाजावर कोण अडवणार?

हा प्रश्न पडलेल्या अक्का पहिल्या नाहीत. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना अठरावं वर्ष नुकतंच पूर्ण झालं होतं. डॉक्टर व्हायला जाते, पण आपला धर्म, आपलं खाणं, आपला पोशाख सोडणार नाही, असं त्यांनी निघण्यापूर्वी भर सभेत सांगितलं होतं. तिथं गेल्यावर फिलाडेल्फियाची थंडी! नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. ते थंडीलाही परवडेना आणि तिथल्या लोकांतही अवघड वाटे. मग त्यांनी मधला मार्ग काढला आणि गुजराती पद्धतीनं, पाय झाकतील अशी साडी नेसायला लागल्या. साडी सोडली नाही, पण अडूनही बसल्या नाहीत. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. काय नेसायचं हे हवा बघून, सोय बघून आणि आपल्या मनाला विचारून ठरवावं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

सोयीचं म्हणाल तर मी अक्कांना कागदावर लिहूनच दिलं. कुणाला उपयोगी पडेल म्हणून इथंही सांगते. जहाजावर आगीच्या भीतीनं बहुतेक ठिकाणी खोलीत इस्त्री वापरू देत नाहीत. म्हणून सुती, स्टार्चची साडी नेऊ नये. क्रेप, जॉर्जेट किंवा मऊ रेशीम न्यावं, घडी मोडली तरी चुरगळत नाही. खोली लहान, कपाट त्याहून लहान. दोन साड्या, एकाच ब्लाउजवर जातील अशा, भरपूर झाल्या. जहाज हलतं आणि जिने बरेच असतात, तेव्हा साडी घोट्याच्या जरा वर नेसावी, निऱ्यांना आणि पदराला पिना लावाव्यात. उघड्या डेकवर वारा असा की पदर कुठल्या कुठं जातो. उंच टाचेची चप्पल नको आणि गुळगुळीत तळाची कोल्हापुरीसुद्धा नको. ओल्या फळीवर पाय घसरला तर सगळी हौस फिटायची. जेवणाच्या दालनात एसी जोरात असतो, शाल हवीच. अलास्काला तर दिवसा बर्फाचे कडे बघायला बाहेर थांबावं लागतं. तेव्हा पंजाबी ड्रेस, आतून गरम कपडे आणि वरून जाड जाकीट हेच बरं. दिवसा जाकीट घातलं म्हणून संध्याकाळची साडी बाटत नाही!

आणि हो, निघण्यापूर्वी कंपनीचा कागद वाचून घ्यावा किंवा मुलांकडून वाचून घ्यावा. थाटाच्या संध्याकाळी किती, त्या दिवशी दुसरीकडं जेवता येतं का, आणि एखादी संध्याकाळ ठरावीक रंगाची आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. काही जहाजांवर एक रात्र पांढऱ्या कपड्यांची असते. सगळे, अगदी नवी नवरीसुद्धा, पांढरं घालून नाचतात!

हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिकडं हौसंनं घालतात व्हय?"

आणि तिथंच दुसरा प्रश्न उघडा पडला.

अकरा वर्षांत अक्कांनी गडद रंगाची साडी नेसलेली मी पाहिली नव्हती. हिरव्या बांगड्या, गजरा, ठसठशीत कुंकू तर दूरच. कुणी सक्ती केली होती का? नाही. घरात सासू नव्हती, मुलगा-सून चांगले. पण लेकीच्या लग्नात त्या राखाडी साडी नेसून मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. त्या लग्नात व्याह्यांनी दिलेली मानाची जांभळी नारायणपेठ घडी न मोडता ट्रंकेत पडून होती. लेकीनं "गाऊन घेते" म्हटलं, त्यामागं कदाचित हेही असेल. आईच्या साड्यांमधलं उदासपण तिला तिथं नको असेल.

मैत्रिणींनो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुम्हाला आठवत असेल. मे २०२२ मध्ये या गावानं ग्रामसभेत ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र नि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात शासनाच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसंच करायला सांगितलं. तेव्हा आम्ही बचत गटात टाळ्या वाजवल्या होत्या. मी स्वतः भाषण केलं होतं.

पण खरं सांगते. त्याच्या पुढच्या संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकू होतं. अक्का दुपारपासून माझ्याकडं होत्या. तिळगुळाच्या पुड्या त्यांनीच बांधल्या, वाणाची ताटं त्यांनीच लावली. पाच वाजता बायका यायला लागल्या, तशा त्या मागच्या दारानं निघून गेल्या. मी त्यांना जाताना पाहिलं. "थांबा" म्हणाले नाही. भाषण करणारी मी!

जहाजाचा नियम निदान कागदावर छापलेला असतो. वाचता येतो, विचारता येतो, पटला नाही तर दुसरीकडं जाऊन जेवता येतं. आपल्या गावातला नियम कुठंच लिहिलेला नाही. कुणी तोंडानं सांगत नाही आणि म्हणून कुणाशी भांडताही येत नाही. "आता कुणासाठी नटायचं?" एवढं एक वाक्य पुरतं. ते बोलणारी बाईसुद्धा वाईट नव्हती. तिचे स्वतःचे यजमान जाऊन वीस वर्षं झालीत. तिला जे शिकवलं, ते तिनं पुढं दिलं.

मी अक्कांना एवढंच म्हणाले, "काय नेसायचं ते तुम्ही ठरवा. गाऊन घालावासा वाटला तर घाला. राखाडी साडीच बरी वाटली तर तीच न्या. पण ती जांभळी मनात असेल, तर ती का नको, याचं कारण एकदा स्वतःला विचारा." त्या काही बोलल्या नाहीत.

अक्का उन्हाळ्यात गेल्या, पावसाळ्यात परत आल्या. आल्या त्या दिवशी सुपारीची चॉकलेटी डबी माझ्या हातात दिली आणि एक फोटो दाखवला. जहाजावरच्या फोटोवाल्यानं काढलेला. जिन्याच्या पायरीवर लेक, जावई आणि मधे अक्का. जांभळी नारायणपेठ, खांद्यावर शाल, पायात चक्क बूट. कपाळावर बारीक टिकली.

"मग? काय म्हणाले लोक?" मी विचारलं.

"काय म्हणणार? माझ्याकडं कुणी वळून बघितलंसुद्धा नाही. आम्ही आपलं बसलो, जेवलो, गप्पा मारल्या. वहिनी, इतकं बरं वाटलं!"

हे ऐकून माझ्या पोटात काहीतरी हललं. आपण साडीचं कौतुक झालं की खूश होतो. अक्कांना मात्र कुणी बघितलं नाही याचाच आनंद झाला होता. अकरा वर्षं इथं, आपल्या माणसांत, आपल्यावर किती डोळे आहेत हे त्यांना क्षणभरही विसरता आलं नव्हतं. त्यासाठी अलास्कापर्यंत जावं लागलं.

"लेक काय म्हणाली?"

"रडली. म्हणली, माझ्या लग्नात का नाही नेसलीस?"

ती साडी परत ट्रंकेत गेलीय. मी विचारलं तर अक्का म्हणाल्या, "तिकडं चाललं. इथं कसं जमंल?" मी त्यांच्याशी वाद घातला नाही. जमावं असं आम्हीच काही केलं नाही, तर त्यांनी एकटीनं किती धाडस करायचं?

आषाढात आमच्या गावात तुकोबारायांची पालखी मुक्कामाला असते. त्या रात्री घरोघरी वारकऱ्यांच्या पंगती बसतात. वाढणाऱ्या बाईच्या कपाळाकडं बघून कुणी ताटावरून उठत नाही. वर्षातून एक रात्र आपल्याला हे जमतं, म्हणजे जमू शकतं.

म्हणून यंदाच्या संक्रांतीला आमच्या गटानं ठरवलंय. हळदीकुंकवाचं बोलावणं गावातल्या प्रत्येक बाईला, कुणालाही वगळायचं नाही. वाण सगळ्यांना सारखं. कुंकू लावायचं की नुसती हळद, की दोन्ही नको, हे जिचं तिनं ठरवायचं. पहिलं बोलावणं घेऊन मी अक्कांकडं जाणार आहे. काय नेसून यायचं ते त्या बघतील. मात्र पाच वाजता त्या मागच्या दाराकडं निघाल्या, तर या वेळी मी "थांबा" म्हणणार आहे.

तुमच्याही आळीत अशा एक अक्का असतील. त्यांच्या ट्रंकेत एक घडी न मोडलेली साडी असेल. एकदा विचारून बघा.