काटा तपासता, मग ट्रॉली का मोजत नाही?



कापसाची गाडी काट्यावर चढली की आपली नजर काट्यावरून हलत नाही. क्विंटलमागे किलोभर कटती धरली तर आपण भांडायला उठतो, आणि उठलेच पाहिजे. पण गटाच्या गोदामापुढचे आवार पक्के करायला कंत्राटदार आला की आपण त्याला चहा पाजतो, "चांगले करा बरं का" म्हणतो आणि शेतावर निघून जातो. पुढच्या पावसाळ्यात आवार उखडते, मग त्याच्या नावाने बोटे मोडतो.

कडू लागेल, पण निम्मा दोष आपला आहे.

एका गटाचे आवार आम्ही डोळ्यांनी पाहिले. वर्गणीचा पैसा, तीन दरपत्रके, काम सगळ्यात कमी दरवाल्याला. तो एका सभासदाचा सोयराही होता, म्हणून लिहून काही घेतले नाही. काळ्या मातीवर वीतभर मुरूम, त्यावर विरळ खडी, वर डांबराचा काळा रंग. आषाढात तडे गेले. आश्विनात पहिल्या वेचणीचा कापूस न्यायला आलेला ट्रक तिथेच रुतला. गाठोडी उतरवावी लागली, खालची चिखलात भिजली आणि ओला माल म्हणून भाव पाडला गेला. कंत्राटात वाचवले त्याहून जास्त भावात गेले.

यात नवल काहीच नाही. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ज्या गुणामुळे ती कोरडवाहू ज्वारीला ओल पुरवते, त्याच गुणामुळे ती रस्त्याला वैरीण आहे. आम्ही शेतकीच्या पदवीला हे शिकलो. आपल्या वडिलांना ते न शिकताच ठाऊक होते. म्हणून वरची माती दीड-दोन फूट काढायची, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून रोलरने दाबायचा, मग खडी, मग काँक्रीट. दर दहा फुटाला दोन इंच उतार आणि कडेला नाली. पाणी साचले की कोणतेही काम टिकत नाही.

आता हिशेब करू. आवार 100 फूट लांब, 60 फूट रुंद धरा. म्हणजे 6000 चौरस फूट. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. दाबलेला दीड फूट मुरूम 90 ब्रास होतो. सैल मुरूम त्याहून जास्त आणावा लागतो. खडी दाबून तीन इंच हवी तर सैल चार इंच पसरावी लागते, म्हणजे 20 ब्रास. कंत्राटदाराने सैलच तीन इंच पसरली तर पाच ब्रास खडी त्याच्या खिशात गेली. ही कटती नव्हे तर काय? वर सहा इंच काँक्रीट म्हणजे 30 ब्रास. एकास दीडास तीन या मिश्रणात ब्रासला साधारण 22-23 पोती सिमेंट लागते, एकूण पावणेसातशेच्या आसपास. रिकामी पोती मोजायला इंजिनिअर लागत नाही. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट उंच भरलेली ट्रॉली एक ब्रासची. टेप लावा, ट्रॉल्या वहीत मांडा.

हा हिशेब दरपत्रके मागवण्याआधी करायचा. आपण उत्पादन खर्चावर भाव मागतो. मग मुरूम, खडी, सिमेंट, डिझेल, मजुरी यांचाही उत्पादन खर्च असतो की नाही? ज्याचा दर मालाच्या किमतीहूनही खाली आहे, तो माल घालणार नाही, हे त्याने दरपत्रकातच सांगितलेले असते. अशालाच काम दिले की सचोटीचा कंत्राटदार धंद्यातून उठतो. स्वच्छ कापसाला आणि कवडीच्या कापसाला एकच भाव दिला तर स्वच्छ वेचणार कोण? चोर आपणच पोसतो.

म्हणून आमचे सांगणे असे. ज्याला काम द्यायचे त्याचे दोन पावसाळे खाल्लेले काम बघायला जा, तेही पाऊस पडत असताना. थर, जाडी, उतार, सिमेंटचे प्रमाण कागदावर लिहून सही घ्या, सोयरा असला तरी. झाकण्याआधी मोजा: खोदाई मोजल्याशिवाय मुरूम नाही, मुरूम मोजल्याशिवाय खडी नाही. पैसाही तसाच टप्प्याटप्प्याने द्या. काँक्रीटला किमान चौदा दिवस पाणी धरून ठेवा आणि तोवर गाडी आत घेऊ नका. दहावा हिस्सा रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत कंत्राटदाराकडून पाच वर्षांची देखभाल लिहून घेतली जाते. आपण एक पावसाळा मागितला तर लाजायचे कारण नाही.

आणि टप्पा पुरा झाला, माप बरोबर भरले, तर त्याच दिवशी पैसे चुकते करा. चुकाऱ्यासाठी खेटे घालणे काय असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

ज्या गावात असे काम टिकले आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला मोजमापाची वही घेऊन यावे. ती वही दहा गावांचा पैसा वाचवील.