लक्ष्मीताई, गृहपाठ आम्हाला द्या

मा. श्रीमती लक्ष्मी हेब्बाळकर,
महिला व बालविकास मंत्री, कर्नाटक राज्य



ताई, हेच म्हणणं अर्ज म्हणून धाडलं असतं तर आवक क्रमांक पडून ते कपाटात गेलं असतं. म्हणून खुलं पत्र. मी टिळकवाडीत राहते. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमचा भाग बेळगाव दक्षिणेत येतो, म्हणजे तुमची मतदार मी नाही. पण राज्यातल्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक पोराचं खातं तुमच्याकडे आहे आणि दोन नातवंडं माझ्याकडे, एवढं नातं पुरेसं आहे.

जुलै 2024 मध्ये तुमच्या खात्यानं अंगणवाड्यांत ‘सरकारी मॉन्टेसरी’ सुरू केली, सुरुवातीला बेंगळुरूच्या 250 केंद्रांत. त्याच्या आदल्या महिन्यात अंगणवाडीच्या कार्यकर्त्या रस्त्यावर उतरल्या होत्या. सरकारी शाळांतच एलकेजी-यूकेजी निघाली तर आमच्याकडं पोरं उरणार कुठली, हा त्यांचा सवाल रास्त होता, आणि वर्ग अंगणवाडीतच भरवायचा निर्णयही रास्त. माझी काळजी वेगळी आहे. एलकेजी म्हटलं की आमच्याकडचा पालक पहिलं विचारतो, ‘लिहायला कधी घालणार?’ इथं साडेतीन वर्षांच्या पोरांना संध्याकाळी शिकवणीला बसवतात. पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत हा नियम आला, तर ओरड एवढी झाली की 2025-26 पुरती अट 5 वर्षं 5 महिन्यांवर आणावी लागली. घाई कुणाला आहे? पोरांना नक्कीच नाही.

शेजारच्या घरातलं सांगते. मुलगी साडेतीन वर्षांची, वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणते, आईला कोण कौतुक. एकदा आजी तिला म्हणाली, ‘जेवायला पाच माणसं आहेत, पाच चमचे आण बघू.’ पोरीनं मूठभर आणले. आजी रागावली नाही, मोजूनही दाखवलं नाही. प्रत्येकाच्या ताटाशी एक-एक ठेवायला लावलं. आज्जीला एक, बाबाला एक, असं करत सगळी ताटं झाली आणि हातात दोन उरले. पोर थांबली. एकदा ताटांकडं बघितलं, एकदा हाताकडं, आणि म्हणाली, ‘हे कुणाचे?’ गणित इथं सुरू होतं. वीसपर्यंतची घोकंपट्टी ती आधी गाण्यासारखी म्हणत होती. एका ताटाला एक चमचा हे तिच्या हाताला त्या दिवशी कळलं. कुठल्याही चाररेघी वहीत हे शिकवता येत नाही.

हाताचंही तसंच. पेन्सिल धरायला अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत जोर लागतो, मनगट स्थिर लागतं, आणि त्याआधी खांदा-दंड तयार व्हावा लागतो. ही तयारी वरून खाली होते, लहान वयात ती उलटी करता येत नाही. बोटं तयार नसताना पोर मुठीत पेन्सिल धरतं, कागद फाटेस्तोवर दाबतं, आणि दोन ओळींत ‘हात दुखतोय’ म्हणून रडतं. त्यापेक्षा थंडीत पावट्याच्या शेंगा सोलायला बसवा. शेंगेच्या टोकाला नख लावायचं, शीर ओढायची, दाणा वाटीत, साल परातीत. निम्मे दाणे खाटेखाली जातात, ते शोधून आणणं हाही अभ्यासच. मेथी निवडणं, चिरमुऱ्यांतले फुटाणे वेगळे काढणं, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं, बटणं लावणं, ओला रुमाल पिळून वाळत घालणं: यांतलं काहीही विकत आणावं लागत नाही.

आणि ही काही माझ्या पदरची कल्पना नाही. मारिया मॉन्टेसरीबाईंनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत गरीब मजुरांच्या मुलांसाठी पहिलं बालघर काढलं, तिथं पोरं झाडणं, धुणं, वाढणं अशी कामं करत होती. आमच्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर तोच विचार आपल्या मातीत आणला. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, खडे यांवर त्यांनी काम उभं केलं. गरीब वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढं त्यांनी आणि अनुताई वाघांनी ते कोसबाडला नेलं. तेव्हा पाटीवर मॉन्टेसरीचं नाव घातलंच आहे, तर आत बाईंचं कामही येऊ दे. रंगीत बाकं नंतर बघू.

पण अंगणवाडीत पोर दिवसातले काही तास असतं, बाकी सगळा वेळ घरी. आणि तीन वर्षांखालचं तर चोवीस तास घरीच. या घरच्या वेळेतून काय होऊ शकतं, ते बघा. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत 1986-87 मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेल्या 129 बाळांवर एक प्रयोग सुरू केला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची, दोन वर्षं. ती बाळाला शिकवत नव्हती. टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन आईला बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवत होती. तीच मुलं 22 वर्षांची झाली तेव्हा या घरांतल्यांची कमाई, भेट न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा 25 टक्के जास्त निघाली. भेट तासाभराची होती, काम आईनं केलं.

आपल्याकडं हे कागदावर आहेच. केंद्राच्या ‘नवचेतना’ आराखड्यात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 36 महिन्यांचं कॅलेंडर आणि 140 कृती दिल्यात, त्या गृहभेटीतून घरी पोचाव्यात अशी अपेक्षा. केंद्रानं महिन्यातून एक दिवस पालकांसोबत बसायलाही सांगितलंय. आता गृहभेटीला जाणारी बाई बघा. दूध-अंडी, गरोदर बायकांचं जेवण, वजन-उंची, पोषण ट्रॅकरवर नोंद, त्यात धान्यवाटपाला चेहरा ओळखायचा नवा सोपस्कार. रेंज नसली की ती फोन धरून उन्हात उभी. तिनं बाळाशी खेळून कधी दाखवावं?

मला तुमच्याकडं मागायचंय ते एवढंच: पालकांना काम द्या, आणि आमच्या भाषेत द्या. टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, तुमच्या उचगावकडची गावं, तिकडं निपाणी. इथल्या हजारो घरांत पोराशी पहिला शब्द मराठीतून बोलला जातो. आईला कन्नड बाजारापुरतं येतं. घरच्या भाषेतून सुरुवात करा असं 2022 चा पायाभूत स्तराचा आराखडाही सांगतो. वेंगुर्ला रोडनं शिनोळी आली की महाराष्ट्र लागतो. तिकडं जिल्हा परिषदेच्या शाळांत 2022 पासून ‘पहिले पाऊल’ मेळावे भरतात, आयांचे गट होतात, घरी करायच्या कृतींची कार्डं वाटली जातात. ही कार्डं मागवून घ्यायला सीमाप्रश्न आड येऊ नये! तोवर ‘नवचेतना’तल्या कृती तरी महिन्याला एक पान अशा मराठीत छापा. उर्दू आणि कोकणी घरांचंही तेच.

कृती निवडताना निपाणीची बिडी वळणारी बाई डोळ्यासमोर ठेवा. तिला ‘मुलाला वेळ द्या’ हे सांगणं फार सोपं. तिचे हात सुपातून सुटत नाहीत, आणि तंबाखूच्या धुरळ्यात पोराला जवळ बसवूही नये. पण ते दाराशी खेळत असेल तर तिचं तोंड मोकळं असतं. ‘आज कोण-कोण आलं होतं?’, ‘आधी काय केलंस, मग काय केलंस?’ असं विचारत राहिली तरी पोराला शब्द मिळतात, आधी-नंतरचा क्रम कळतो. अशा पाच-सहा गोष्टी तिच्यासाठी वेगळ्या लिहून काढा. मोबाइलवर बडबडगीतं लावून देण्यापेक्षा त्या स्वस्त पडतील, कारण पडदा पोराच्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

पोचवायचं कसं, हे तुम्हाला मी सांगायला नको. गृहलक्ष्मीचे 2000 रुपये तुमचं खातं कोटीहून अधिक बायकांपर्यंत पोचवतं. त्यांतल्या ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना महिन्याला एक कृती आवाजी निरोपात गेली, तर वाचता न येणाऱ्या आईलाही कळेल. आणि महिन्यातला तो पालकांचा दिवस खरोखर पाळायचा झाला, तर त्या दिवशी कार्यकर्तीला ट्रॅकरच्या नोंदींतून सूट द्या. एवढा हुकूम निघाला तरी पुष्कळ झालं.

2 ऑक्टोबर 1975 ला अंगणवाडीची योजना सुरू झाली, तेव्हा देशातल्या पहिल्या 33 प्रकल्पांत आपल्या राज्यातलं टी. नरसीपूर होतं. पन्नास वर्षं झाली, समारंभही झाले. आता सीमाभागातली चार-पाच केंद्रं निवडा आणि एक वर्ष करून बघा. आमच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका फुकट यायला तयार आहेत, मजकूर मराठीत लिहून द्यायलाही. उत्तर कन्नडमधून आलं तरी चालेल, मला वाचता येतं.

आपली,
टिळकवाडीतली एक आजी