धुराची बदली

फेब्रुवारी 2023 मध्ये औसा रोड ते लातूर रोड हा शेवटचा तुकडा वायरीखाली आला आणि मध्य रेल्वे शंभर टक्के विजेवर गेली. साहेबलोकांनी एकमेकांची पाठ थोपटली.

दोस्तहो, विजेच्या गाडीला आपला विरोध नाही. डिझेलचा धूर खाऊन काय क्रांती होत नाही. 3 फेब्रुवारी 1925 ला देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती आपल्याच हार्बर लाइनीवरून. रे रोडला उतरून गोदीत ओझी उचलणाऱ्या आम्हाला तिची किंमत ठाऊक आहे. आणि वीज स्वस्त, मुबलक हवी, त्याशिवाय गरिबी हटवणारे कारखाने उभे राहणार नाहीत, हे 1943 साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनीच सांगितलं होतं.

सवाल धुराचा आहे. वाफेच्या इंजिनात फायरमन कोळसा ढकलायचा, धूर गाडीबरोबर गावोगाव फिरायचा. आता टपावर 25 हजार व्होल्टची तार, खिडकीतल्याचा शर्ट पांढराशुभ्र. पण तारेतला करंट काय आभाळातून पडतो? या देशात तो मुख्यतः कोळसा जाळूनच होतो. धूर मेला नाही, त्याची बदली झाली. चांद्याला.

होय, 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली तेच चांदा. तिथं दुर्गापूरला राज्य सरकारच्या कंपनीचं सगळ्यात मोठं औष्णिक केंद्र 1983-84 पासून जळतंय. आज 2920 मेगावॅट. पाणी इरईचं, कोळसा भोवतालच्या खाणींचा, राख तिथल्या माणसांच्या छातीत. 2009 साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं अतिप्रदूषित पट्ट्यांची यादी काढली, त्यात चंद्रपूर वरच्या रांगेत. मुंबईची लोकल नेमकी कुठली वीज पिते ते तारेवर लिहिलेलं नसतं. जाळं एकच, म्हणून हात झटकता येत नाहीत.

आणि गडचिरोली? 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून तोडून जिल्हा केला. रेल्वेच्या नावानं तिथं वडसा. गोंदिया-बल्लारशा लाइन तिथून जाते, तिच्यावर वायरही आली. पुढे वडसा ते गडचिरोली, पन्नासेक किलोमीटर, 2011-12 च्या रेल्वे बजेटात घेतलं. 2024 सरलं तरी गाडी पोचली नव्हती. सूरजागडचं लोखंड मात्र 2021 पासून ट्रकांवर लादून धडाधड बाहेर चाललंय. त्याला कुणी थांबा म्हणत नाही!

शंभर टक्क्यांची गंमत बघा. जिथं रूळच नाहीत तिथं वायर टाकायची राहत नाही. एटापल्ली, भामरागड हिशेबातच नाहीत, म्हणून हिशेब पुरा.

चांद्याच्या धुरांड्यांवर राख आणि गंधक अडवणारी यंत्रं आधी नीट चालवा. वडशापुढचे रूळ टाका. मग तो आकडा स्टेशनाच्या भिंतीवर रंगवा.